भाकरी फुगली तर चूल पास

गणिताच्या बाई वर्गात शिरल्या की आधी उदबत्ती पेटवायच्या. ती देवासाठी नसे. उदबत्ती हातात धरून त्या दारापाशी, खिडकीपाशी, फळ्यापाशी थोडा थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि धूर कुठे वळतो ते बघायच्या. मग म्हणायच्या, "चौथ्या बाकापासून मागे हवा पोचत नाहीये. मागच्या मुलींना झोप येणार. अर्ध्या तासानं जागा बदला." एवढं झालं की उदबत्ती खिडकीच्या फटीत खोचून त्या काळ-काम-वेगाकडे वळायच्या.

मी चित्रकलेची शिक्षिका म्हणून त्या शाळेत लागले तेव्हा बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. नाशिकमधली मुलींची शाळा, रविवार कारंजापासून चालत दहा मिनिटांवर. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत मला बाईंच्या शेजारची खुर्ची मिळाली, कारण ती नेहमी रिकामी असायची. रिकामी असण्याची कारणं दोन होती. बाई बौद्ध होत्या, हे पहिलं. ते कुणी बोलून दाखवत नसे. दुसरं कारण सगळे मोठ्यानं सांगत. बाईंच्या पिशवीत वह्यांच्या गठ्ठ्याबरोबर गवंड्याची थापी, गाठी मारलेली सुतळी आणि पावडरचा एक जुना डबा असे. डब्यात घोड्याची लीद. टांग्याच्या अड्ड्यावरून त्या ती स्वतः गोळा करून आणत. मातीत लीद कालवली की भाजल्यावर तडे जात नाहीत, हे त्यांना कुंभारवाड्यातल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं होतं.

तडे कशाला जाऊ नयेत? तर चुलीला. बाईंना जगात ज्या एका गोष्टीचा ध्यास होता ती म्हणजे चूल.

निर्धूर चुलींची सरकारी योजना पुढे बऱ्याच वर्षांनी आली. बाई त्याच्या कितीतरी आधीपासून शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की एस.टी. पकडून खेडोपाडी जायच्या आणि बायकांना चुली बांधून द्यायच्या. बंद मातीची चूल, पुढे लाकडं सारायचं तोंड, वर दोन भांड्यांच्या जागा, आणि मागून भिंतीतल्या भोकातून बाहेर पडून कौलांच्या वर जाणारं खापरी नळ्यांचं धुराडं. धूर घरात कोंडत नसे आणि लाकूड जवळपास निम्म्यावर येई. एकदा नळ्यांचा भारा घेऊन त्या गाडीत चढल्या तर कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं. बाई म्हणाल्या, "नळ्या पोकळ आहेत हो. आत नुसती हवा बसलीय." कंडक्टरनं एक नळी डोळ्याला लावून बघितली आणि हसून पुढे गेला. पुढच्या वर्षी त्याच कंडक्टरच्या घरी, नांदगावकडे कुठेतरी, बाई चूल बांधून आल्या.

शाळेत एका पावसाळ्यात झाडं लावायचा कार्यक्रम होता. पाहुणे साहेब जंगलतोडीवर पाऊण तास बोलले. आभार मानायचं काम बाईंकडे होतं. त्या माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब फार चांगलं बोलले. पण कुऱ्हाडीला भाषण ऐकू येत नाही. तिला घरातली चूल हाक मारते. चुलीची भूक कमी करा, डोंगर आपला आपण हिरवा होईल. आभारी आहे." आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

त्याहून मोठं प्रकरण घरच्या अभ्यासाचं. बाईंनी सातवीच्या मुलींना सरासरी शिकवली आणि अभ्यास दिला: आई एक भाकरी करताना किती वेळा डोळे पुसते ते चार दिवस मोजा, सरासरी काढा. पाचव्या दिवशी एक पालक तावातावानं मोठ्या बाईंच्या खोलीत आले. "पोरगी जेवायचं सोडून आईचे डोळे मोजत बसते. हे कसलं गणित?"

मोठ्या बाईंनी बाईंना बोलावून घेतलं. बाईंनी त्या गृहस्थांना विचारलं, "किती आली सरासरी?"

ते म्हणाले, "सहा."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"नव्हतं."

"मग झालं की गणित," बाई म्हणाल्या आणि तासाला निघून गेल्या. त्या गृहस्थांनी महिन्याभरात घरात रॉकेलचा स्टोव्ह आणला, असं त्या मुलीनंच आम्हाला सांगितलं.

मला बाईंनी कामाला लावलं ते चित्रकलेमुळे. त्यांना प्रत्येक चुलीचा नकाशा लागे, कारण त्यांच्या मते दोन बायकांना एक चूल चालत नाही. त्या आधी घरातल्या बाईला खाली बसवत, तिच्या कोपरापासून बोटापर्यंत सुतळी धरत, गुडघ्याची उंची घेत. "ब्लाउज मापाचा शिवता, मग चूल कशी अंदाजानं?" असं त्यांचं म्हणणं. मी मापं लिहून घ्यायची, चित्र काढायची, माती तुडवायची. दोन-तीन वर्षांत मला ते वेडच लागलं. शनिवारची घंटा झाली की मीच आधी पिशवी उचलायची.

चूक झाली की बाईंना आनंद व्हायचा, हे मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही. पेठच्या बाजूला एका पाड्यावर त्यांनी मोठ्या उमेदीनं चूल बांधली. पावसाळ्यानंतर गेलो तर म्हातारीनं धुराडं काढून निम्म्यावर आणलं होतं. धूर सरळ माळ्यावर जात होता, जिथे बियाण्यासाठी राखलेल्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, कणसांची जुडी टांगलेली होती.

"धूर नाय त बी किडं," म्हातारी म्हणाली. "आन छप्पर बी कुजं."

बाई तिथेच मांडी घालून बसल्या, वही काढली आणि तिला विचार विचार विचारलं. धूर किती दिवस लागतो, कुठल्या महिन्यात, कुठल्या बियाण्याला. परत येताना गाडीत मला सांगत होत्या, "मी नापास झाले बघा. धूर शत्रू नाही. आपण धुराला जागा नेमून द्यायला हवी होती, ते तिनं केलं." त्यांचे डोळे चमकत होते. पुढे पाड्यावरच्या सगळ्या चुली त्यांनी म्हातारीच्या पद्धतीनं बांधल्या आणि प्रत्येक ठिकाणी सांगितलं की ही कल्पना कुणाची.

आता माझ्या सासरची गोष्ट सांगायला हवी. तिच्यात माझी बाजू फारशी चांगली नाही.

माझं सासर वणीजवळच्या एका गावात. आम्ही दोघं नोकरीमुळे नाशिकला. गावी सासूबाई, धाकटे दीर आणि धाकटी जाऊ. घर गावात मानाचं, स्वयंपाकघर मोठं आणि काळंकुट्ट. सासूबाई पहाटेपासून चुलीपुढे असत. जावेच्या हातची भाकरी त्यांना पसंत नव्हती. त्यांचा खोकला अंगणापर्यंत ऐकू यायचा. मी बाईंना म्हटलं, आमच्याकडे चला. बाई म्हणाल्या, "घरी विचारलंत?" मी म्हटलं, विचारायचं काय त्यात. खरं तर मी मुद्दामच विचारलं नव्हतं. एकदा बाई दारात उभ्या राहिल्या की सगळं आपोआप होईल असं मला वाटलं होतं.

त्या शनिवारी आम्ही पोचलो. सासूबाईंनी दाराबाहेरच्या ओट्यावर सतरंजी टाकली, चहा दिला, चौकशी केली. मग आडनाव विचारलं. बाईंनी सांगितलं. सासूबाईंचा हात पदराशी थांबला. रागावल्या नाहीत, आवाजही चढला नाही. जरा वेळानं म्हणाल्या, "बाई, चूल आंगनातच मांडा ना. हितं उजेड बी हाय, वारं बी हाय."

बाईंनी पेला खाली ठेवला. "आजी, अंगणात धूर आपला आपण जातो. तिथं माझं काय काम?"

बाई उठल्या, पिशवी खांद्याला लावली आणि दिरांना विचारलं, "बौद्धवाडा कुठल्या अंगाला?" त्यांनी हात केला. बाई निघाल्या. मी ओट्यावर बसून राहिले. उठायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी उठले नाही.

सोमवारी शाळेत त्यांच्यासमोर जायची लाज वाटत होती. बाई मात्र खुर्चीवरून अर्ध्या उठूनच बोलायला लागल्या. "अहो, तिथं एक बाळंतीण आहे, शांता. बारा दिवसांचं पोर आणि खोलीत धूर असा की समोरचं माणूस दिसत नाही. तिची चूल घातली. दोन आठवडे वाळू द्यायची. तुम्ही याल ना पेटवायला?" माझ्या न उठण्याबद्दल त्या तेव्हा बोलल्या नाहीत, नंतरही कधी नाही.

दोन आठवड्यांनी मी गेले. एस.टी.तून उतरून सासरच्या घराकडे न वळता सरळ बौद्धवाड्यात गेले, आणि सगळं गाव बघत होतं. शांताच्या घरापुढे बायका जमल्या होत्या. तिनं काडी लावली. पहिल्यांदा धूर उलटा खोलीतच आला, सगळ्या खोकत बाहेर. बाईंनी उदबत्ती लावली, भोकापाशी धरली, आणि ओचा खोचून शिडीवरून छपरावर चढल्या. धुराडं आढ्याहून बुटकं पडत होतं. वरून हात खाली करून म्हणाल्या, "एक नळी द्या." मी दिली. आणि मग तो धूर असा सरळ वर चढला की बायकांनी टाळ्या वाजवल्या. खोलीत शांताचं बाळ पाळण्यात स्वच्छ दिसत होतं. शांता नुसती त्याच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आरं, ह्याच्या कानावर तीळ हाय की."

मला तेव्हा जे झालं ते कसं सांगू? अंगावर काटा आला होता आणि हसूही येत होतं. वाटलं, आता गावातल्या प्रत्येक छपरावर एक नळी दिसायला हवी.

पण भाकरी फुगेना. जाळ सगळा मागे ओढला जाई, आणि तव्यावरून काढलेली भाकरी निखाऱ्यापुढे उभी करून शेकायला जागाच नव्हती. बाईंनी भाकरी उलटसुलट बघितली. "चूल नापास. भाकरी फुगली तर पास, नाहीतर नाही. बाकी सगळं शोभेचं." आणि थापीनं स्वतःच्या हातानं चुलीचं तोंड फोडलं. ते रुंद केलं, पुढे निखारे ओढायला ओटली, म्हणजे छोटा कट्टा, केली. पुढच्या खेपेला शांताची भाकरी टम्म फुगली.

मग बायका येऊ लागल्या. आमच्या वरच्या आळीतल्या सुनासुद्धा, पदर पुढे ओढून, दुपारी पुरुषमाणसं शेतावर असताना. त्यांना चूल बघायची होती. बाईंनी अट घातली: "नुसती बघून कळत नाही. चुलीवर एक भाकरी करायची आणि इथंच खायची. मग मी तुमच्या घरी येते, तुमच्या स्वयंपाकघरात." पहिल्या खेपेला दोघी परत गेल्या. तिसऱ्या खेपेला पाच जणी शांताच्या घरात ओळीनं बसून भाकरी खात होत्या. त्यांच्यात माझी धाकटी जाऊ होती. मला बघून तिनं घास तोंडात तसाच धरला. मी तिच्या शेजारी बसले आणि तिच्या हातातली अर्धी भाकरी मोडून घेतली.

चैत्रापर्यंत वरच्या आळीत चार धुराडी झाली. बाई चारही स्वयंपाकघरांत आत जाऊन आल्या होत्या. आमच्या घरावर मात्र धुराडं नव्हतं. एका रविवारी सासूबाईच मला म्हणाल्या, "तुला येती म्हनं बांधाया. मंग बांध की."

मी म्हटलं, "येते. पण ज्यांनी शिकवली त्या बांधतील. मी नाही."

त्या दिवशी घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. नाशिकला परत येताना हे म्हणाले, "आईचा खोकला ऐकतेस ना?" मी ऐकत होते. तरी मला वाटत होतं की आपण एकदाचं काहीतरी बरोबर केलं. मोठ्या अभिमानानं मी बाईंना सांगायला गेले.

बाई माझ्यावर एवढ्या कधीच रागावल्या नव्हत्या.

"म्हातारीच्या छातीवर माझा मान उभा करताय? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"पण तुम्हीच तर त्या दिवशी..."

"मी माझ्यापुरतं ठरवलं. मी अंगणात बसणार नाही, ते माझं. तुम्ही त्या घरच्या आहात. तुम्हाला आत जाता येतं, चूल येते, आणि तुम्ही हात बांधून बसता? जा. शनिवारी जा आणि बांधा."

मी गेले. सासूबाईंची मापं घेतली, माती कालवली, भिंतीला भोक पाडलं, जीव ओतून चूल घातली. दोन आठवड्यांनी पेटवली. धूर परत घरात. नळी वाढवली, तरी घरात. चुलीचं तोंड लहान केलं, मोठं केलं. सासूबाई डोळे पुसत, खोकत बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुझी नापास झाली." आणि थोडं थांबून, "त्यांना बोलाव."

मी मुद्दाम बिघडवली असं ह्यांना कायम वाटत आलं. मी मुद्दाम बिघडवली नव्हती. मला खरंच जमली नव्हती.

बाई पुढच्याच शनिवारी आल्या. उंबऱ्याशी थांबल्या. "आजी, आत येऊ?"

सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आत आल्याबिगर भोक कसं दिसंल?"

बाई आत आल्या. त्यांनी चुलीला हात लावून बघितला, भोकात वाकून बघितलं, आणि मग त्या परीटघडीच्या साडीनिशी शेणानं सारवलेल्या जमिनीवर सरळ उताण्या झोपल्या. सासूबाई चपापल्या.

"चूल पेटवा," बाई खालून म्हणाल्या. मी पेटवली. "आता बघा. आजी, तुम्ही पण आडव्या व्हा. बसून दिसत नाही, खालूनच दिसतं."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, जावेकडे बघितलं. मग पदर सावरत, एका हातावर भार देत, हळूहळू बाईंच्या शेजारी आडव्या झाल्या. दोघी छताकडे बघत होत्या. धूर भोकाच्या वरच्या अंगानं भिंतीला धरून आत झिरपत होता. मी भोक मोठं पाडलं होतं आणि नळीभोवती फट राहिली होती. एवढीशी गोष्ट, पण उभ्यानं ती दिसत नव्हती.

"आसं हाय व्हय," सासूबाई म्हणाल्या. तरी उठल्या नाहीत. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "तुझी आई आस्ती का गं?"

"नाही. खोकल्यानं गेली. मी मॅट्रिकला होते."

"दम्याची व्हती?"

"डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, आई दिवसाला किती विड्या ओढते? मी म्हटलं, एकही नाही. त्यांना खरं वाटलं नाही. म्हणाले, छाती तर विडी ओढणाऱ्या माणसासारखी झालीय. मला राग आला. मी भांडले त्यांच्याशी. पण मग ते काय आहे, ते मलाही सांगता येईना. घरी आले तर चुलीवर भात होता आणि धाकटी बहीण फुंकणी घेऊन वाकली होती."

आठ वर्षं मी बाईंच्या शेजारी बसत होते. हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

सासूबाई उठून बसल्या, लिंपायला मातीचा गोळा घेतला आणि बाईंच्या हातात दिला. "बुजव," म्हणाल्या. "आन जेवल्याबिगर जायाचं नाय."

फट बुजली. धूर गेला. त्या दिवशी बाई आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जेवल्या, आणि सासूबाई तव्यावरून एकेक भाकरी काढून त्यांच्या ताटात टाकत होत्या, चौथी नको नको म्हणत असतानाही. सासूबाई एका दिवसात बदलल्या, असं मी म्हणणार नाही. शांता आली तर तिला अजून वर्षभर त्यांनी ओट्यावरच बसवलं, आणि त्यावरून माझे त्यांचे खटके उडत राहिले. पण खोकला कमी झाला, आणि दुपारच्या वेळी त्या चुलीपुढून उठून गावात फिरायला लागल्या. कुणाच्या घरी धूर दिसला की आत जाऊन दोन शब्द सुनवायच्या.

त्याच वर्षी दिवाळीनंतर त्यांनी बाईंना निरोप धाडला. त्यांची धाकटी बहीण लासलगावला, तिथंही तीच तऱ्हा होती. आम्ही तिघी निघालो. बाईंकडे थापी, सासूबाईंकडे शिदोरी, माझ्या खांद्यावर नळ्या. बहिणीचं घर गाठलं तेव्हा ती दारातच उभी होती. ती सासूबाईंच्या पाया पडली, तिनं मला जवळ घेतलं, आणि मग तिची नजर बाईंवर गेली. तिच्यापर्यंत बातमी आधीच पोचलेली असावी. ती दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. "आक्का," ती हळूच म्हणाली, "ह्यांची बैठक ओट्यावर मांडली हाय."

सासूबाईंनी बाईंचा हात धरला.

"सरक," त्या बहिणीला म्हणाल्या. "आम्हाला आत जायाचंय."